तारबाबूंचा कर्णा

तारबाबू मोठ्यानं बोलले, असं आमच्या गल्लीत कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आवाज एवढा बारीक की शहागंजातली भाजीवाली "काय? काय म्हणलात?" करून दमायची आणि शेवटी मनाला येईल ते पिशवीत कोंबायची. वांगी आणायला गेलेला माणूस मुळा घेऊन घरी यायचा. आपा, म्हणजे त्यांची बायको, हसत हसत मुळा चिरायला घ्यायच्या. मी म्हणायचे, "अहो तारबाबू, तोंड आहे ना तुम्हाला? जरा आवाज काढायचा की!" ते म्हणायचे, "मुळा. ताजा." झालं, संपलं बोलणं.

आम्ही त्यांच्या घरात वर माडीवर भाड्यानं राहायचो. औरंगाबादेत, रोशन गेटाच्या आतल्या अंगाला. निजामाचं राज्य होतं, त्यात लढाई चालू, बाजारात एक वस्तू धड मिळत नव्हती. आमचे हे कचेरीत मोहरीर. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि घरी येऊन माझ्याशी मराठीत भांडायचे. माझं माहेर बिडकीनचं. आमच्याकडं हाक मारली की ती या बांधावरून त्या बांधावर पोचली पाहिजे, नाहीतर ती हाक नव्हेच. अशा बाईच्या नशिबी असला घरमालक यावा, आता काय बोलायचं!

तारबाबूंनी उभी हयात रेल्वेच्या स्टेशनांवर तारा पाठवण्यात घालवली होती. नोकरी संपली तरी बोलणं तारेसारखंच राहिलं. जिन्याखाली उभे राहून सांगायचे, "दूध. उतू." मी धावत चुलीकडं. "पाहुणा. दार." माझी धाकटी झाली तेव्हा बाहेर ताटकळत बसलेल्या आमच्या ह्यांना त्यांनीच बातमी दिली, "मुलगी. खुशाल." आमचे हे, तारबाबू पुढं काही सांगतील म्हणून वाट बघत बसले, तर ते निघूनही गेले होते.

पण संध्याकाळी अंगणातल्या तख्तावर आपांजवळ बसले की ह्या माणसाला जो कंठ फुटायचा! दिवसभर न बोललेलं सगळं तिथं बाहेर यायचं. वरून मला शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची, आणि मधूनच आपांचं हसणं. मी ह्यांना म्हणायचे, "बघा, शिका जरा." हे कूस बदलून झोपायचे.

मग आपांना मोठा ताप आला. जीव वाचला, पण जाता जाता तापानं कान न्यायला सुरुवात केली. एकदम नाही, हळूहळू. आधी त्यांना उखळातलं कुटणं ऐकू यायचं बंद झालं, मग दारातला फकीर. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, कानाची शीर सुकत चाललीय, आहे तेही जाईल, तोवर मोठ्यानं बोलत जा. सगळ्यांनी तेच सांगितलं. मी तर लागलेच कामाला. "आपा, पाणी आलंऽऽ!" म्हणून जिन्यातून असा गळा काढायचे की तारबाबू बाहेर येऊन हात जोडायचे, "बेटी. कोंबड्या. घाबरल्या."

ते स्वतः मात्र आवाज चढवायला तयार नाहीत. मी एकदा चांगलीच चिडले. म्हटलं, "बायकोशी बोलायचंय ना तुम्हाला? मग ओरडा की! त्यात कसली लाज?"

तेव्हा ते माझ्याशी पहिल्यांदा इतकं लांब बोलले. म्हणाले, "ओरडून काय बोलता येतं, बेटी? दाल आण, दार लाव. बाकीचं कसं ओरडू?"

 

तर त्यांनी मशीन करायचं ठरवलं. मुंबईहून एक लाकडी खोकं मागवलं. त्यात पत्र्याची चौकट, काचेचे व्हॉल्व, तारांची भेंडोळी, एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि इंग्रजीत छापलेला नकाशा. सगळं आपलं आपण जोडायचं. जोडून झालं की चोंग्यात हळू बोलायचं आणि कर्ण्यातून तेच बोलणं मोठं होऊन बाहेर येणार. चोंगा जुन्या टेलिफोनचा, कर्णा कुठल्याशा मोडक्या ग्रामोफोनचा. गल्लीत वीज नुकतीच आली होती, आणि आम्ही अजून बटण दाबताना तोंड फिरवून घ्यायचो. तारबाबूंनी ती वीज सरळ बैठकीतल्या तख्तावर आणून बसवली. आपा सगळ्यांना सांगायच्या, "मेरे नवे कान बन रहे."

आणि काय त्यांचा तो थाट! मशीनच्या एकेका भागाला त्यांनी रेल्वेच्या स्टेशनांची नावं दिली होती. वीज जिथून आत शिरते तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे मनमाड. पुढचा मोठा व्हॉल्व दौलताबाद. मग औरंगाबाद, करमाड, जालना, आणि शेवटी कर्णा म्हणजे सिकंदराबाद. राळेचा वास घरभर पसरलेला, दातात तार धरलेली, हातात कथलाचा डाख, आणि स्वतःशीच पुटपुटणं, "करमाडपर्यंत येतंय. जालन्याला अडकलं." मी वरून विचारायचे, "तारबाबू, गाडी कुठवर आली?" ते बोट वर करून थांब म्हणायचे.

पहिल्यांदा मशीन जळलं ती त्यांचीच चूक होती. दोन तारा उलट्या लागल्या. धूर निघाला, आपा किंचाळल्या, तारबाबू मात्र खूश. "चूक. सापडली." ट्रान्सफॉर्मर उघडला, जळकी तार उलगडून फेकून दिली आणि नवीन बारीक तांब्याची तार गुंडाळायला बसले. आपा समोर रीळ धरून बसायच्या. ते मनात वळसे मोजत तार ओढायचे, त्या बोटांनी रीळ सोडत जायच्या. दिवसचे दिवस ते दोघं तसे बसलेले मी बघितलेत. ऊन अंगणातून भिंतीवर चढायचं तरी दोघं तिथंच.

मशीन तयार झालं. कर्ण्यातून बारीक घूं असा आवाज येत होता. मी चोंग्यापाशी सहज खोकले तर कर्ण्यातून म्हैस खोकल्यासारखा आवाज आला. आपा दचकल्या, माझ्याकडं वळल्या. त्यांना ऐकू आलं होतं! मी ओरडलेच, "तारबाबू, बोला! आत्ता बोला, बाई समोर बसलीय!"

ते म्हणाले, "नाही. लाइन पास नाही."

रेल्वेत म्हणे नवी लाइन सकाळपासून रात्रीपर्यंत चालवून बघतात, मधे एकदाही बंद पडली नाही तरच तिच्यावरून तार सोडतात. मी म्हटलं, "अहो, ही काय रेल्वे आहे? दोन शब्द बोला, मग चालवा की रात्रीपर्यंत, नाहीतर वर्षभर!"

"एकदा ऐकवलं आणि परत गेलं, तर तिला दोनदा बहिरं व्हावं लागेल," ते म्हणाले.

मला असा राग आला म्हणता! तो राग माझा अजून गेलेला नाही. त्या दिवशी त्या बाईला चांगलं ऐकू येत होतं. मशीन चालत होतं. आणि हा माणूस मशीनला तासन्‌तास नुसतं तापवत बसला.

दुपारची चारची नमाज पढायला ते मशिदीत गेले, परत आले तर मशीन जळून काळं.

त्यानंतर हेच सुरू झालं. तार गुंडाळायची, डाख द्यायचा, सकाळी मशीन चालू करायचं. दुपारपर्यंत उत्तम. तारबाबू समोर बसलेले, हात लावून लावून बघतायत, मनमाड गार, दौलताबाद ठीक. मग अजान व्हायची, ते उठून मशिदीत जायचे, आणि परत येईपर्यंत घरात जळका वास. छावणीतून एक रेडिओ दुरुस्त करणारा आणला. त्यानं सगळं तपासून सांगितलं, मालात खोट नाही, जोडणीत खोट नाही, वीजही बरी आहे. मग कशानं जळतं? तो म्हणाला, "तुमचं तकदीर." समोरचा बेकरीवाला म्हणाला, खोक्यात जिन बसलाय. आमचे हे म्हणाले, योगायोग. ह्यांना काय, कुठल्याही गोष्टीला योगायोग म्हटलं की ह्यांची जबाबदारी संपते.

इकडं आपांचे कान दिवसेंदिवस बसत चालले. पूर्वी स्टेशनवरची शिट्टी ऐकली की त्या म्हणायच्या, "गाडी आली." आता शिट्टी होऊन जायची आणि त्या भांडी घासत असायच्या. मला विचारायच्या, "अजान हुई क्या?" मी मान हलवायचे. पुढं त्यांनी विचारायचंही सोडलं. गल्लीतून टोप्या घातलेली माणसं एका दिशेला निघाली की समजून घ्यायच्या. आणि तारबाबूंनी कधी हातवारे करून विचारलं, ऐकू येतं का, की अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवायच्या, थोडं थोडं.

एक दिवस तारबाबू नमाजला गेलेच नाहीत. मशीनपुढं बसून राहिले. मशीन जळलं नाही. पार दिवेलागणीपर्यंत घूं घूं करत राहिलं. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! पण त्यांनी उठून स्वतःच बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते मशिदीत गेले. मशीन जळलं.

त्या संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी पाण्याचा हंडा घेऊन वर निघाले, तर म्हणाले, "बेटी, मी नमाजला गेलो की जळतं. नाही गेलो की जळत नाही. काय समजायचं?"

मी म्हटलं, "काही समजू नका. चार दिवस घरी नमाज पढा, मशीनपाशी."

"ज्याच्याकडं मागतो तोच नको म्हणतोय," ते म्हणाले. "त्याचं ऐकू नको, म्हणतेस?"

मी काय मौलवी? हंडा खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज होत नाही, आणि तारबाबूंचा तर एरवीही होत नव्हता. नुसते खांदे हलत होते. आत आपा चुलीपुढं पोळ्या लाटत होत्या, त्यांची पाठ आमच्याकडं होती.

तरी शेवटची म्हणून त्यांनी पुन्हा तार गुंडाळली. उरलेली सगळी तार संपली, आणि लढाईमुळं आणखी मिळणार नव्हती. मशीन जोडून ठेवलं, पण चालू केलं नाही. तख्तावर तसंच पडून राहिलं. त्यांचं आपांशी बोलणंही थांबलं. संध्याकाळी दोघं अंगणात बसायचे आणि कोंबड्या बघायचे. सबंध थंडी अशी गेली. वरून मी बघायचे. माझ्या हातात असतं तर त्या खोक्याला लाथ घालून मी त्याच्यात आवाज काढला असता.

मग ईद जवळ आली, घराला चुना द्यायचा होता. तारबाबू म्हणाले, मशीन परत लाकडी खोक्यात भरून टाकू. मी मदतीला खाली गेले. तेवढ्यात आपा आतून एक गलाफ, म्हणजे झाकायची खोळ, घेऊन आल्या. हिमरूच्या भरजरी कापडाचा, आतून कापसाचा जाड थर घालून शिवलेला, कडेला बारीक वेलबुट्टी. त्या घरात सुरईला गलाफ, घड्याळाला गलाफ, शिवणाच्या मशीनला गलाफ. उघडी वस्तू नजर खाते, असं आपांचं म्हणणं. हाही तसाच, मशीनच्या मापाचा.

मशीनवर घालायला त्यांनी तो उलटा केला तर आतल्या बाजूला तपकिरी, करपलेले गोल गोल डाग. मशीनच्या पत्र्याच्या झाकणाला हवेसाठी पाडलेल्या भोकांखाली व्हॉल्व होते ना, बरोबर त्यांच्या मापाचे.

तारबाबूंनी गलाफ हातातून ओढून घेतला. डागांवर बोट फिरवलं. आपांकडं बघितलं आणि हातानंच विचारलं, कधी?

आपा इतक्या कौतुकानं सांगायला लागल्या! म्हणाल्या, पहिल्यांदा मशीन जळलं तेव्हाच मी ओळखलं, नजर लागली. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात, म्हणून तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही नमाजला गेलात, मशीन शांत पडलं, की मी हा घालायची. दारात तुम्ही दिसलात की काढून ठेवायची.

शांत पडलं! ते कुठलं शांत पडतंय! ते घूं घूं करत असायचं, आत निखाऱ्यासारखं तापलेलं असायचं. दिवसा व्हॉल्वचा उजेड दिसत नाही. कान असलेल्या कुणालाही कळलं असतं की चालू आहे. त्यांना कळत नव्हतं. त्या बिचाऱ्या चालू मशीनवर रजई घालत होत्या, आणि जितकं जळेल तितकी जास्त काळजी घेत होत्या. मला वाटलं आता काहीतरी फुटणार.

तारबाबू तख्तावर बसले. गलाफ मांडीवर घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तो नव्हता, बेटी. तो नको म्हणत नव्हता." आणि हसले. इतक्या महिन्यांनी हसले. मग मला म्हणाले, "हिला सांगू नको." आणि गलाफावरच्या वेलबुट्टीवर हात फिरवून त्यांनी आपांना मानेनंच सांगितलं, सुरेख आहे. आपा लाजल्या.

आता तरी बोलायचं की नाही? पण नाही! लाइन पास व्हायला पाहिजे! दुसऱ्या दिवशी मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत चालवलं. नमाजच्या वेळी मला समोर बसवून गेले. मी राखण करत बसले, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत. आपांना मी मदतीच्या नावाखाली शेवया वळायला बसवलं होतं. मशीन जळलं नाही. तारबाबू आले, मशीनला हात लावला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कर्णा अंगणात मांडला. पांढरी शेरवानी घातली. आपांना कर्ण्यापुढं वेताच्या मोढ्यावर बसवलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि स्वतः बैठकीच्या दारात चोंगा घेऊन बसले. बेकरीवाल्याची बायको त्यांच्या गच्चीवर आली, पलीकडच्या पोरीबाळी आल्या, मी जिन्यात. आमचे हेसुद्धा टोपी हातात घेऊन उभे.

तारबाबूंनी नेहमीच्याच आवाजात सुरुवात केली. आणि ती गुणगुण, जी मला इतकी वर्षं वरून ऐकू यायची आणि कळायची नाही, ती शब्द होऊन सगळ्या गल्लीत घुमली. खूप साधं बोलत होते ते. आपण करमाडच्या क्वार्टरात राहायला गेलो तेव्हा तुला इंजिनाच्या शिट्टीची भीती वाटायची, आणि मी ड्रायव्हरला सांगून शिट्टी घराच्या पुढं गेल्यावर वाजवायला लावली होती, ते तुला कधी बोललो नाही. तू आजारी होतीस तेव्हा मी काय नवस बोललो ते सांगायचं राहिलं. मग त्यांनी एक नाव घेतलं. कुणाचं ते आधी कळलं नाही, मग कळलं. त्यांचं मूल होतं, करमाडलाच वारलेलं. ते गेलं तेव्हा मी डुटीवर होतो, म्हणाले, बातमीची तार मीच माझ्या हातानं तुझ्या माहेरी वेरूळला पाठवली, आणि घरी येऊन तुझ्याजवळ एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी बोलतो, पण हे बोललोच नाही.

गच्चीवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. मलाही काही दिसेना. आपा कर्ण्याकडं बघून मान डोलवत होत्या. हळू हळू, बरोबर, बरोबर, अशी.

तारबाबू थांबले. कर्ण्यातून नुसती घूं येत राहिली.

आपा मान डोलवतच होत्या.

तारबाबूंनी चोंगा तोंडापासून दूर धरला आणि बघत राहिले. एक शब्द नाही. आणि आपा हसऱ्या तोंडानं मान डोलवतायत. मला वाटलं, धावत जावं आणि त्यांचं डोकं धरून थांबवावं.

मग आपांनी गच्चीवर बघितलं. रडणाऱ्या बायका बघितल्या, मला बघितलं. काहीतरी त्यांना समजलं असेल. त्या नवऱ्याकडं वळल्या, आणि बहिऱ्या माणसांचा असतो तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "आस्ते बोलो जी. लोगां सुन रहे."

तारबाबू म्हणाले, "हौ."

त्यांनी हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं. उठले, मोढा ओढून आपांच्या समोर बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि परत बोलायला लागले. ओठ हलताना दिसत होते. आपा मान डोलवत होत्या. बेकरीवाल्याच्या बायकोनं गच्चीवरून मला खुणेनं विचारलं, काय म्हणतायत? मी मान हलवली. मलाही ऐकू येत नव्हतं.